दुसऱ्या कडव्यानंतरचा ट्रायँगल

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सभागृहाच्या पत्रकात तू ‘दुर्लक्षित दहा गाणी’ ही यादी छापलीस. तिच्यातल्या सातव्या गाण्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं. बाकीच्यांबद्दल मी गप्प बसले असते. पहिल्या गाण्यातला ड्रमवाला दरवेळी किंचित उशिरा येतो आणि म्हणूनच ते जिवंत वाटतं, हे पटलं. तिसरं लोकांनी पोरकट ठरवलं, पण ती बाई हसू आवरत गाते, हेही खरं.

सातवं मात्र माझं गाणं आहे. वसतिगृहात ती रेकॉर्ड मी झिजवली, आणि तू लिहितोस, दुसऱ्या कडव्यानंतर बेस गिटारशिवाय काहीच घडत नाही? अरे, तिथेच तर ट्रायँगल, तो पोलादी त्रिकोण, वाजतो! सगळे थकून बाजूला होतात आणि तो एकटाच, जेवणं उरकल्यावर कुणी चमचे विसळावेत तसा, टिंग टिंग करत राहतो. चाळीस वर्षं साउंड सांभाळणाऱ्याने असं लिहावं? पुढच्या अंकात दुरुस्ती छाप.

लोभ आहेच, तपासून पाहू नकोस.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवृत्त झालीस तरी लाल पेन काही खाली ठेवत नाहीस. रेकॉर्ड तीनदा लावली. ट्रायँगल नाही. शेवटी आवाज इतका वाढवला की खालचा शिंपी वर आला. वसतिगृहातली जेवणाची घंटा तू गाण्यात धरलीस, असं माझं नम्र मत. लेकीला सांगितलं, तर तिने विषयच बदलला. हल्ली प्रेक्षकही आवाज कर्कश लागतो म्हणतात. लोकांना कानच राहिले नाहीत.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

चेष्टा पुरे. परवा तुला न सांगता कार्यक्रमाला आले होते. मध्यंतराआधीच तीन रांगा रिकाम्या झाल्या. झांजा सुयांसारख्या टोचत होत्या. तू वरचे स्वर वाढवत होतास आणि तुझी पाठ वळली की तुझी लेक ते कमी करत होती. मी तिला गाठलं. वर्षभर हेच चाललंय. तुला सांगायचा तिला धीर होत नाही. तिला तो ट्रायँगल स्वयंपाकघरातूनही ऐकू येतो.

मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. वय झालं की उंच, बारीक आवाज आधी जातात. तुझी यादी परत वाच. बेस, ड्रम, खर्जातले गळे. एकाही झांजेचं कौतुक नाही. सोमवारी साडेदहाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी जिन्याखाली उभी असेन. नाही म्हणायचं तर तोंडावर येऊन म्हण.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांशी भांडली नाहीस, उपकार झाले. त्या बंद खोलीत मी आवाज आला की बटण दाबायचं म्हणून वाट पाहत बसलो होतो. काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, आवाज केव्हाच वाजून गेला.

साउंडचं काम सोडतोय. लेक चांगलं करते, हे मला आधी कळायला हवं होतं. एकच विचारतो. दुसऱ्या कडव्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात नेमकं काय वाजतं? पूर्वी मलाही ऐकू येत असणार. आठवत नाही.

धाकटा

५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कानाच्या यंत्राने थोडं परत येईल, सगळं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोवर लोकांवर चिडू नकोस. ते काम माझ्याकडे राहू दे.

कंट्रोल रूमच्या दोन्ही किल्ल्या तू लेकीला दिल्यास, त्या तिने मला दाखवल्या. तिच्याच हाती तुझ्यासाठी देत आहे:

डॉक्टरांची चिठ्ठी, एक.

माझी रेकॉर्ड, एक. जपून लाव.

गाण्याचे शब्द लिहिलेला कागद, एक. दुसऱ्या कडव्याखाली कोरी जागा सोडली आहे. तिथल्या निळ्या रेघा बेसच्या. त्या तुला ऐकू येतील. त्यांच्यामधले लाल ठिपके ट्रायँगलचे. सव्वीस आहेत. बोट ठेवून वाच.

ताई