खळ्यातला चुना

चामोर्शी,
१२ डिसेंबर १९८४

चि. श्रावण यास थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. माझ्या वर्गाचं छप्पर अजून जागेवर आहे, म्हशीनं पुन्हा कोणाची तरी तूर खाल्ली, आणि धान कापून भारे पुंजण्यात, ढीग लावून रचले आहेत. मळणी तेवढी राहिली.

तुझं पत्र मिळालं. ‘मुंबई ते नागपूर सातशे किलोमीटर, विमानानं सव्वा तास. बाबाले सांग, बोलावलं का आलोच.’ हे तू तिसऱ्या वर्षी लिहितो आहेस. तुझा सव्वा तास काही संपत नाही. शिवाय नागपूरहून मूल, मूलहून गडचिरोली, तिथून इथं, गाडी बिघडली नाही तर अख्खा दिवस. म्हणजे नागपुरात उतरलास की तू खरा लांब असशील.

मळणी का राहिली ते सांगते. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. पावसाळ्यात पूर पाहायला कोणी बडे साहेब हेलिकॉप्टरनं शाळेच्या मैदानात आले होते, तेव्हा चुन्याचा मोठा गोल आखला होता. बाबांनी खळं सारवून घेतलं आणि मधोमध तसाच गोल काढला. तिथं भारे पसरू देत नाहीत. म्हणे, “पोराले उतराले जागा पायजे.”

विमान वेगळं, हेलिकॉप्टर वेगळं, हे मी समजावलं. मास्तरणीचं घरात कोण ऐकतं?

शेजारचे पोचूभाऊ बांधावरून बाबांना विचारतात, “काऊन लटारूभाऊ, विमान पंचर झालं का?”

“तू आपल्या बंडीचं चाक पाह्य आधी!”

बाबा बोलतात अजून असं. उठतात मात्र माझा खांदा धरून. जेवण दोन घासांवर आलं आहे. गेल्या आठवड्यात चंद्रपूरला दाखवलं. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून विचारलं, मुलगा आहे का? म्हटलं, आहे. कुठं असतो? तर माझ्याही तोंडून निघालं, सव्वा तासावर.

काल दवानं गोल फिका पडला होता. बाबांना उठवेना, म्हणून चुन्याचा डबा घेऊन मीच गेले. परत आले तर पडल्या पडल्या म्हणाले, “कमले, मले का समजत नाई? खळ्यात विमान उतरत नसते. पण चुना पुसला का लोकं म्हणतीन, लटारूनं पोराची आस सोडली.”

श्रावण, तू विमानात अजून बसलेलाच नाहीस, हे मला ठाऊक आहे. एकदा बोलून गेलास, आता आगगाडीनं यायला लाजतोस. लाजू नको. डब्यात उभ्यानं ये, पण ये. फक्त रस्त्यानं घरात शिरू नको. खळ्यातून ये, त्या गोलावर पाय देऊन. तो तुझ्याच पायानं पुसला जाऊ दे, मग भारे पसरते.

हाताला चुना लागलेली,
तुझी कमलाबाई