मधलं नाव

मंगळवार, विकास नगर

दादा सीमेवर, म्हणून त्याच्या मुलीच्या, ईराच्या, फीच्या सरकारी मदतीसाठी मीच कार्यालयात गेले. शाळेच्या दाखल्यावर 'ईरा सुनील जाधव', दादाच्या कागदांत नुसतं 'ईरा जाधव'.

तिथले हिंदी बोलणारे कारकून, बाबूजी, म्हणाले, "लड़की का नाम सुनील? बीच वाला कटवाइए, वरना अर्ज़ी खारिज."

मुलीच्या नावातून बाप का काढायचा? मी त्यांच्याच कागदावर, वडिलांच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. सुनील. "हम मराठियों में पिता का नाम बीच में रहता है. और क्या सबूत दूँ?"

"अच्छा, पिताजी साथ चलते हैं," म्हणत त्यांनी शिक्का मारला.

घरी ईराने आधी हेच विचारलं, "आत्या, पापा का नाम कटा तो नहीं?"

नाही. फी मंजूर, नाव शाबूत. आज मी जिंकले. इथे डायरीत लिहायला हरकत नाही.