कॅमेरा बंद होता

विजयालक्ष्मी मॅडम,

हे पत्र मी पाठवणार नाही. परवा दत्तकाच्या चौकशीसाठी आवडी गावातलं आमचं क्वार्टर तपासायला आलात, तेव्हा तुम्ही तुमच्या तंजावुरी मराठीत विचारलंत, "ते पोर तुम्हास काय म्हणून हाक मारते?"

"मावशी," मी म्हटलं. तुम्ही लिहून घेतलंत.

माझी बहीण नंदिता आणि तिचा नवरा मस्कतला अपघातात गेले, त्याला पाच महिने झाले. मी अजून रडलेले नाही. तुम्ही अहवालात बहुधा 'खंबीर' लिहाल. त्यांची तीन वर्षांची ओवी तिथे शेजाऱ्यांकडे आहे. दत्तकाचे कागद होईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी फोनवर भेटतो. आम्हा बहिणींचा आवाज इतका सारखा की बाबासुद्धा फसायचे. म्हणून बोलताना कॅमेरा चालूच ठेवायचा, असं घरात ठरलं होतं.

सोमवारी मी तो मुद्दाम बंद ठेवला.

"आई?" ओवी म्हणाली.

मी "ओ" दिली. मग खूप वेळ तिने मला शेजारच्या मांजराचं सगळं सांगितलं.

आता माझा चेहरा दिसला, की ती हाताने स्क्रीन झाकते.

आपली अर्जदार,
केतकी