दादाच्या नावाचं सर्टिफिकेट

२ मार्च १९५८, रविवार
परीक्षा झाली. लोखंडाचा एक तुकडा दुसऱ्यात असा बसवायचा की मधून उजेड दिसता कामा नये. चार तास. बाहेरून आलेल्या परीक्षकानं माझा जोड खिडकीकडे धरला. चष्मा पुसला. परत धरला. वागळे सरांना विचारलं, "हा मुलगा कोण?"
सर म्हणाले, "वसंत परब. दिवसा मरोळच्या पंपाच्या कारखान्यात हेल्पर आहे."
दोन वर्षं झाली तरी वसंत म्हटलं की मी मागं वळून बघतो. वसंत माझा मोठा भाऊ. तो कुडाळला, घरी. सातवी पास तो. मी यशवंत, चौथीतनं पळालेला. अंधेरीच्या ह्या संध्याकाळच्या फिटरच्या वर्गाला सातवी लागते असं कळलं, म्हणून दादाचा दाखला लावला. फॉर्म पण त्यानंच भरून पाठवला. कारखान्यात यशवंत, वर्गात वसंत. दोन्हीकडे हाक परब म्हणूनच, त्यामुळे निभावलं.

३० मार्च
फळ्यावर पहिलं नाव. वसंत विष्णू परब. मी दोनदा वाचलं, मग दुसऱ्याकडून वाचून घेतलं. पहिला! चौथीचे मास्तर म्हणायचे, ह्याच्या डोक्यात भुसा. असेल. भुसा हातात नाही ना पण.
सर म्हणाले, "पहिल्या दोघांना मॅट्रिक नसलं तरी डिप्लोमाच्या रात्रवर्गात घेतात. जूनपासून. गणित, ड्रॉइंग, इंजिन. बसशील?"
बसतो म्हटलं, लगेच.
घरी येऊन ख्रिस्ती घरमालकीण फिलूबायला सांगितलं. तिला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, "देवळान् मेनबत्ती लावतंय, पन कोनाचे नावान् लावू रं? तुजे का तुजे भावाचे?" आणि हसत सुटली. मला हसू येईना.

१ एप्रिल
फोरमनला कुठून तरी कळलं, परब पहिला आला. सगळ्या शेडसमोर पाठीवर थाप. "परब, कागज ला. देखते ही तेरा हेल्परी खतम. फिटर लिख देता हूँ."
कागज! त्यावर नाव वसंतचं, हजेरीबुकात यशवंत. वाट लागली. म्हटलं, साहेब, छापून यायचंय. छापील परवाच हातात आलंय, ट्रंकेत आहे.
हे आधी का सुचलं नाही? दोन वर्षं फक्त शिकायचं सुचलं. शिकून झाल्यावर कागद कोणीतरी बघणार, हे डोक्यातच आलं नाही.

४ एप्रिल
दादाला पत्र टाकलं. सगळं लिहिलं. काय करू, तूच सांग. फॉर्म तूच भरलास.

२० एप्रिल, रवि.
उत्तर नाही, दादाच आला! बोटीनं. दारात उभा, डोक्यावर फणस. मी बघतच राहिलो. सहा वर्षांनी मुंबईत. थकलाय. कुडाळच्या बाजारात दुकानात माप टाकतो. लग्न दोनदा मोडलं, मुलीकडचे मुंबैची नोकरी विचारतात.
जेवल्यावर सर्टिफिकेट मागितलं. धोतराला हात पुसून घेतलं. मोठ्यानं वाचलं. आपलं नाव तीनदा वाचलं. मग दोन्ही हातांनी परत दिलं. मला वाटलं, रडतोय की काय.

२६ एप्रिल
कामावरून आलो तर दादा माझा चांगला शर्ट घालून ओट्यावर. चेहरा फुललेला.
"येशो, कांदिवलेक जावन इलंय. एक कारखानो आसा. फिटर होये तेंका. कागद दाखवलंय. पंधरा तारखेक बोलावल्यानी, काम करून दाखवूक."
मला वाटलं मस्करी. ट्रंक उघडली. सर्टिफिकेट नाही. त्याच्या खिशात.
"दादा, तुला लोखंड घासायची कानस तरी धरता येते काय रे?"
"तू शिकय. तीन आठवडे आसत."
तीन आठवडे. मला दोन वर्षं लागली. आवाज चढला माझा. तो शांत.
"नाव माजा, दाखलो माजो. तुका दिलंय तेवा इचारलंय काय, परत कदी देतलंस?"
मी ट्रंक बंद केली.

२८ एप्रिल
मागच्या पडवीत मित्राचा जुना व्हाइस बसवला, लोखंड घट्ट धरायला. रोज कामावर जाण्याआधी तासभर. माझाच कागद दादाच्या कामी यावा म्हणून मीच त्याला शिकवतोय. वेडाच की मी. पण मोठा भाऊ कानस घेऊन समोर उभा राहिला तर काय, नको म्हणू?

७ मे
दादाच्या तळहाताला फोड. फुटले, वर हळद लावून परत उभा. ऐकतो सगळं. पण कानस सरळ जात नाही, झोपाळ्यासारखी वरखाली होते, मग लोखंडाला मधेच पोट येतं. काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला. खालून उजेडच उजेड.
"पाव इंच फट आसा नाय?"
"पाव इंच नाही रे, पण बैल जाईल."
दोघं हसलो. खूप दिवसांनी. मग तो म्हणाला, तुझा जोड दाखव. परीक्षेतला सरांकडे आहे, म्हणून दुसरा करून दाखवला. तासाभरात. तो बघत होता. म्हणाला, "ह्या तू केलंस?" आणि उठून विहिरीवर गेला. बराच वेळ आला नाही.

१३ मे, मंगळ
राहवेना. सरांकडे गेलो. सगळं सांगितलं, उभ्यानंच. वाटलं होतं हाकलतील. सर उठले. मग कपाटातून कोरा फॉर्म काढला, उलटा केला, पुढ्यात ठेवला. "वाच."
इंग्रजी. पुढची बाजू तेवढी मराठीत. दोन वर्षांपूर्वी एक अक्षर कळलं नसतं. ड्रॉइंगवरच्या सूचना वाचून वाचून आता लागतं. बोट ठेवून वाचलं. जो माणूस कारखान्यात दोन वर्षं कामाला आहे आणि लिहूवाचू शकतो, त्याला सातवीची अट नाही. फोरमनचं पत्र पुरे.
पुन्हा वाचलं. मी तेव्हाच दोन वर्षं कारखान्यात होतो. फोरमननं पत्र एका मिनिटात दिलं असतं. मी माझ्याच नावानं बसू शकलो असतो. उगाच! सगळं उगाच!
"गाढवा, फॉर्म उलटून बघितला नव्हतास?"
"दादानं भरला, सर."
"आणि त्याने?"
त्यानंही नसेल. त्याला तरी कुठं इंग्रजी येतं.
सर चिडले ते मग. त्यांनी दोन वर्षं खोटी हजेरी लावली असं त्यांना वर लिहून द्यावं लागणार. म्हणाले, "शनिवारपर्यंत सर्टिफिकेट आणून दे. रद्द करतो. ऑक्टोबरात स्वतःच्या नावानं परीक्षेला बस, डिप्लोमा पुढच्या वर्षी. आणि तुझ्या भावानं त्यावर नोकरी धरली, तर मी तुला ओळखत नाही. दोघांनाही नाही."

१४ मे
दादाला सांगायचं होतं. सकाळी पडवीत गेलो तर तो माझ्या आधीच उभा, घामानं चिंब. आज कानस बरीच सरळ गेली. खरंच. गुण्याखाली उजेडाची बारीक रेघच राहिली. माझ्याकडे असं बघितलं त्यानं, शाळेतलं पोर मास्तरांकडे बघतं तसं. माझा मोठा भाऊ.
नाही सांगितलं.
फिलूबाय मला बाजूला घेऊन म्हणाली, "गप ऱ्हायलास तर तू चोर नाय, खुळा हायस." म्हटलं, बाय, दोन्ही.

१५ मे, गुरुवार
खाडा केला. कांदिवलीला दादासोबत. वाटेत तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलंसुद्धा, "दादा, तो कागद..." तो म्हणाला, "हां, आसा, खिशात आसा," आणि वरून थोपटून दाखवला.
गेटवर पाच जण बोलावलेले. सगळे आत. मी बाहेर चिंचेखाली, ही वही घेऊन. वॉचमन म्हणतो दोन तासांचं काम, पास झाला की कागद ऑफिसात ठेवून घेतात.
तो नापास व्हावा असं मला वाटतंय काय? हे खोडणार होतो, राहू दिलं. पास व्हावा असंही वाटतंय. तेही तितकंच. काल मीच नाही का त्याचा हात धरून कोपर खाली आणून दिलं?
उठून आत जावं, सांगावं. वॉचमनला नाव सांगायला हवं. कोणाचं?
शेडच्या खिडक्या उघड्या आहेत. कानशींचा आवाज येतो. पाच आहेत. चार सारख्या जातात, लांब, दमानं. पाचवी घाईत आहे, तोकडी. ओळखली मी. हळू, दादा. खांद्यातून. हळू.
आता ती पण लांब जायला लागली.
आता थांबली.