सर्वांत आधी सुटणारी गाडी

७ जानेवारी, मस्कत
डॉक्टरांनी आज श्रीला सरळ सांगितलं. गाडी चालवायची नाही. पार्किन्सन्सचं कळून वर्ष झालं, आता उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरतो. श्री "ओके" म्हणाला. घरी येताना मीच चालवत होते. अल् खुवैरच्या सिग्नलला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात रेस आहे."
"माहितीये."
घरी येऊन खिचडी टाकली. ऑफिसात उद्या ऑडिट.

९ जाने.
जुन्या गाड्यांच्या क्लबला फोन करून श्रीने चालक म्हणून माझं नाव दिलं. मला न विचारता. म्हणे, मी शेजारी बसून रस्ता सांगीन.
ऋजुताचा दुबईहून फोन. "आई, धिस इज मॅड. तुम्ही दोघं साठीचे... साठीत आहात." मी अजून सत्तावन्नची आहे, पण वाद घालायला अंगात त्राण नाही. तिचं म्हणणं, बाबाची नोकरी संपली, व्हिसाही संपतोय, सरळ पुण्याला जा. श्री म्हणतो, पुण्यात माझं कोण आहे? माझी नोकरी अजून आहे, त्याला माझ्या व्हिसावर ठेवता येईल. मला काय हवंय, हे दोघांनीही विचारलेलं नाही. विचारलं तर सांगता येईल का, कोण जाणे.

१३ जाने. इब्री
मस्कतच्या कुरुमहून निघालो. सर्वांत आधी आम्ही. आमची गाडी पन्नासच्या दशकातली, सगळ्यांत हळू, म्हणून पहिली सुटते. मग जरा दमदार गाड्या, अंतर ठेवून एकेक. सगळ्यांत शेवटी सलीमची अमेरिकन, बोटीएवढी लांब. चार दिवसांत सलाला. तिथे जो आधी पोचेल तो जिंकला. वेगमर्यादा मोडली की बाद.
सलीम श्रीचा जुना सहकारी. ही गाडी निझवाच्या एका भंगारवाल्याकडून दोघांनी मिळूनच आणली होती, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कितीतरी शुक्रवार दोघांनी तिच्याखाली घालवले. मी चहा नेऊन द्यायचे.
श्री सारखा सूचना देत होता. क्लच पूर्ण दाब. आता तिसरा गिअर. अगं, ऐक तिचा आवाज. इझ्कीच्या पुढे मी म्हटलं, "गप्प बसशील का थोडं?" मग इब्रीपर्यंत गप्प. ते जास्त वाईट.
मान, खांदे, कंबर. सगळं गेलं. जेवलो नाही, केळी खाल्ली.

१४ जाने. हैमा
दिवसभर सपाट. रस्ता, वाळू, खांब, परत रस्ता. पुढे असण्याचं काही सुख नसतं. मागे कोण येतंय तेवढंच बघत बसायचं. दुपारनंतर एकेक जण गाठून पुढे गेले. हॉर्न, हात हलवणं. सलीमने शेजारी गाडी आणून काच खाली केली, "भाभी, बहुत अच्छा चला रही हो." श्रीने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही.
हॉटेलात त्याला शर्टची बटणं काढता येईनात. मी काढली. तो छताकडे बघत होता. म्हणाला, "तू चांगली चालवतेस. माझ्यापेक्षा गाडीला कमी त्रास देतेस."
शर्ट घडी करून ठेवला.

१५ जाने. थुमरैत
हे नीट लिहून ठेवायला हवं.
सकाळी सगळ्यांच्या आधी निघालो, म्हणून पुन्हा पुढे होतो. जेवणानंतर डोळे मिटायला लागले. गाडी कडेला घेतली, तोंडावर पाणी मारलं. परत आले तर श्री चालकाच्या सीटवर. "पंपापर्यंत. सरळ रस्ता आहे. प्लीज मेधा."
लग्नाला तीस वर्षं झाली, प्लीज म्हटल्याचं आठवत नाही. शिवाय मी इतकी थकले होते. दोन्ही खरं आहे. शेजारी जाऊन बसले.
सुंदर चालवली त्याने. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, पाठ ताठ. गाडीचा आवाजच बदलला. शीळ घालत होता. मी म्हणणार होते की... झोप लागली.
खडीच्या आवाजाने जाग आली. गाडी रस्ता सोडून खाली चाललेली, समोर उंटीण आणि तिचं पिल्लू. श्रीचा उजवा हात चाकावर नाचत होता, डाव्याने तो चाक धरून होता, पाय ब्रेकवर. मी हँडब्रेक ओढला. वाळूत रुतून थांबलो. उंटीण पिल्लाला घेऊन सावकाश गेली.
कोणाला खरचटलंही नाही. श्री म्हणाला, "रस्ता सोडून मुद्दाम घेतली. ती मध्येच आली. पण मग हात ऐकेना." मी त्याच्या हातावर हात ठेवला.
एकेक गाडी आली, थांबली, आम्ही "पुढे जा" म्हणालो. सलीम मात्र उतरलाच. दोर बांधला, टायरमधली हवा कमी केली, ओढून काढलं. तोवर त्याची रेस संपल्यात जमा. "खलास, हर साल तो होती है," म्हणाला.
थुमरैतला क्लबचा माणूस विचारायला आला. चालक बदलला तर बाद, हा नियम. सलीमच आधी बोलला, "मॅडम चला रही थीं. उंट आ गया." मी मान खाली घातली. खोटं नको होतं, पण खरं बोलायचीही ताकद नव्हती.
श्री म्हणाला, "नाही. मी चालवत होतो. आणि मी चालवायला नको होती."
इंग्रजीत म्हणाला, सगळ्यांसमोर. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकलं. बाद झालो. माणसाने शेकहँड केला, श्रीने उजवा हात पुढे केला. लपवला नाही.

१६ जाने. सलाला
गाडीवरचा रेसचा नंबर काढून घेतला तरी घाट उतरलोच. मी चालवली, तो बाजूला, सूचना नाहीत. एका वळणावर फक्त म्हणाला, "दुसरा राहू दे." बरोबर होतं.
किनाऱ्यावर नारळपाणी प्यायलो. सलीम म्हणाला, पुढच्या वर्षी इन्शाल्ला तिघं एकाच गाडीतून. श्री हसला, हो म्हणाला नाही.
ऋजुताला सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "बाबाला विचार, त्याला काय... काय वाटतं आहे." मी म्हटलं, तूच विचार. बराच वेळ बोलले दोघं. मी बाल्कनीत बसून होते.

२० जाने.
मस्कत. ऑफिस. ऑडिट अजून चालूच. डावा पाय अजून क्लच दाबल्यासारखा आखडतो.
व्हिसाचा विषय काल काढला. श्री म्हणाला, "इथे गाडीशिवाय माणूस घरात कोंडला जातो, हे खरं. पुण्यात रिक्षा तरी मिळेल." मी विचारलं, म्हणजे जायचं का? "तसं म्हटलं नाही मी." मग त्याने पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय हवंय?"
मी म्हटलं, आधी झोप हवीय. मग सांगते.
आज सकाळी मी निघताना तो बूट घालून दारात उभा. "कुरुमला सोडशील? सलीमकडे जरा काम आहे."
सोडलं. उतरून त्याने दार हळू लावलं, खिडकीत वाकला. "न्यायला कधी येशील?"
"संध्याकाळी. उशीर होईल."
"होऊ दे. मी आहे इथेच."