दारावर न आलेला भाऊ

पुणे, ९ मार्च १९९४

ती. अक्कास रुपचंदचा दंडवत.

माझी तब्येत बरी आहे. तू दोन वेळ जेवतेस ना?

चार माणसांत जायची धास्ती हा आजारच असतो म्हणे. डॉक्टर वहीत भीती लिहायला लावतात आणि तिच्यासमोर ती खरी की खोटी याचा पुरावा. मी लिहिलं, ‘सगळे माझ्याकडेच बघतील.’ ते म्हणाले, ‘तुम्ही आलात काय, नाही काय, कोण बघतं?’

अक्का, दाजी गेले तेव्हा तुझं सांत्वन करायला मी दारावर यायला निघालो होतो. धरणगावात तुझ्या गल्लीपर्यंत आलो. ओट्यावर बसलेल्या टोप्या दिसल्या आणि तिथूनच फिरलो.

नंतर तुझं कार्ड आलं, ‘बठ्ठा उनात, तूच नही उना.’ तेच पुराव्याच्या जागी चिकटवलं. ‘सगळे आले, तूच नाही आलास’ असा अर्थ सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘म्हणजे बहिणीने बघितलं.’

वर्षश्राद्धाला येईन. गल्लीच्या तोंडाशी मला घ्यायला येशील?

तुझाच,
रुपचंद