ब्रेक न मारलेलं वळण

मंगळवार, ता. १४

चि. सोन्यास,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझे केस पिकले तरी मी सोन्याच म्हणणार, गोदामातल्या तुझ्या मंडळींनी ऐकलं तर खुशाल ऐकू दे. इकडे सगळे बरे आहोत. माझे गुडघे हल्ली माझ्यापेक्षा जास्त बोलतात, तेवढं सोडून. तुझ्या बायकोला लॉन्ड्रीत आता सकाळची पाळी मिळाली, त्यामुळे संध्याकाळी ती माणसांत असते.

मी सांगतेय आणि तुझी लेक लिहितेय. फोनवर तू "बरा आहे, ठेवतो" एवढ्यात आटपतोस, म्हणून पत्राचा घाट. भिंगरीला ताकीद दिलीय, मी बोलेन ते सगळं उतरवायचं, गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही. मला कागद वाचता येत नाही, पण हिचं तोंड चांगलं वाचता येतं.

आता बातमी ऐक. तुझी आई गाडी चालवायला लागली. हसू नकोस.

भिंगरीने मैत्रिणीच्या भावाकडून एक जुनं स्टिअरिंग आणलंय. ते जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळायचं, पायाशी पेडल ठेवायचे आणि समोर टीव्ही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो, कारण टेबलावर शर्यत चालू असते. त्या गेममध्ये म्हणशील तेवढ्या गाड्या आहेत, रस्त्याला चिकटून शहाण्यासारख्या धावणाऱ्या. पण ही कार्टी निवडते ती सगळ्यांत द्वाड. जोर सगळा मागच्या चाकांत, शेपटी हलकी, आणि ओल्या रस्त्यावर तर साबणाची वडी. मी म्हटलं, "अगं, सरळ वागणारी घे की एखादी. स्थळ बघतेयस का, जे वाकडं तेच आवडायला?"

तर म्हणते, "आजी, सरळ गाडीतून काही कळत नाही."

"काय कळायचंय तुला?"

यावर तिने गाडी पुन्हा सुरू केली. आत्ता खाली मान घालून लिहितेय.

मग एकदा मीच बसले. म्हटलं, बघू तरी काय जादू आहे. पाय जोरात पडला आणि गाडीने जागच्या जागी तोंड फिरवलं, निघाली उलटी. अगदी तुझ्या बायकोसारखी, काही बोलायला जावं तर— हे खोड गं. खोडत नाही म्हणते. राहू दे मग, तुझ्या आईला कळलं तर माझ्या चहात साखर पडायची नाही, दुसरं काय.

पुढे वळण आलं, उताराचं. शेपटी सरकली. मी आपला घाबरून ब्रेक दाबला. भिंगरी केवढ्यांदा ओरडली, "आजी, ब्रेक नको!" तोवर गाडी गरगरत कठड्यावरून खाली गेली होती. मला हसू फुटलं. तिच्याकडे पाहिलं, तर पोरीचा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "पुन्हा. मी सांगते तसं कर."

मग तिने शिकवलं. गाडीची शेपटी ज्या बाजूला पळेल, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं. मन उलटं सांगतं, मनाचं ऐकायचं नाही. वेग देणारा पाय एकदम उचलायचा नाही, अलगद सैल करायचा. आणि ब्रेकला शिवायचं नाही. मला पटलं ते. ऑफिसातल्या फरश्या पुसण्यात माझी हयात गेली. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि अंग ताठ केलंस की आपटलास. सटकण्याबरोबर थोडं जायचं, मग सावरायचं.

तर मी बरी शिकले. कठड्याआधी थांबते कधीमधी. पण सोन्या, एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. ही पोर शर्यत खेळतच नाही. बाकीच्या गाड्या पुढे निघून जातात, हिला पर्वा नाही. ती तेच एक वळण घेते. पाऊस लावते, उतार, डाव्या हाताला डोंगराची भिंत, उजवीकडे नुसती पोकळी. वळण झालं की बंद, परत पहिल्यापासून.

ती जागा मी एकदाच बघितली होती. त्या अपघाताने ह्यांना नेलं त्यानंतर, घाटातली, लाकडाच्या वखारीच्या पुढची. पण ओळखली.

पेन थांबलंय. हेही लिही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंगरी हात गळ्यात बांधून बसली होती, आणि कुणीतरी शहाण्याने तिला विचारलं, काय झालं गं. ती म्हणाली, "बाबाने ब्रेक मारलाच नाही. गाडी दरीकडे वळवली." सगळ्यांनी ऐकलं. तू तिथेच भिंतीला टेकून उभा होतास. मला वाटलं, आता सोन्या काहीतरी सांगेल. तू बूट बघत राहिलास. मग व्हॅन विकलीस, आणि महिना व्हायच्या आत बॅग उचललीस. नवऱ्याचं जे झालं ते झालं, पण मुलगा का चाललाय, ते मला कुणी सांगेना. मी विचारलंही नाही. तुझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही.

परवा दुपारी भिंगरीने मला शेजारी बसवलं. "आजी, बघ." रिकामी व्हॅन घेतली होती तिने, तुझ्या व्हॅनसारखीच मागून हलकी. पहिल्यांदा ब्रेक मारला. गाडी खाली. परत मारला, परत खाली. अलगद मारला, तरी खालीच. मग ब्रेक सोडून दिला आणि स्टिअरिंग दरीकडे फिरवलं. गाडी कडेला लटपटली, सावरली, पण शेपटी झोला घेऊन उलटी फिरली आणि मागचा डावा कोपरा भिंतीवर बसला. जिथे हे बसले होते.

गाडी मात्र रस्त्यावर राहिली. पुढच्या दोन्ही सीट, तुझी आणि हिची, जशाच्या तशा.

मी विचारलं, "भिंत न लागता काढता येते का गं?"

म्हणाली, "किती दिवस तेच करून बघतेय, आजी. मला नाही जमलं. आणि मला वळण आधीपासून माहीत असतं. बाबाला कुठे माहीत होतं?"

मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी रडू दिलं.

आता कामाचं बोलते. हिला गाडी शिकायचा परवाना आलाय. ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर दाराशी गाडी घेऊन आले, ही आत बसली, पट्टा लावला, आणि किल्लीला हात लावेना. मास्तरांना म्हणाली, "सॉरी, शेजारी दुसरं कुणीतरी बसायचंय." ते बिचारे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी नव्हे हो, मी कठड्यावरून खाली जाते.

तू तेव्हापासून कुठल्याच गाडीत पुढे बसला नाहीस, हे तुझ्या बायकोकडून कळलं मला. बसायचं नसेल तर माझ्यासाठी बसू नकोस. मला तुझ्याकडून काही येणं नाही आणि माफ करायलाही काही नव्हतं. पण हिला तुझ्याशी बोलायचंय, आणि ते मी सांगून लिहिण्यातलं नाही. तर मी उठते, चहा टाकते. भिंगरे, खाली जागा ठेवलीय, तुझं तू लिही.

बाबा, त्या दिवशी तू ब्रेक मारला असतास तर आपण दोघंही नसतो. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मी सगळ्यांसमोर बोलले. तू मला का नाही सांगितलंस? रविवारी ये. मी हळू चालवीन. नाही जमलं तर गाडी बंदच ठेवू, नुसते बसू.

चहा झाला. काय लिहिलंस ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. नाक लाल आहे, म्हणजे बरं लिहिलं असणार.

रविवारी जेवायला टेबल मोकळं करून ठेवते.

स्वतःला आणि हिला, दोघांनाही ज्याने रस्त्यावर ठेवलं त्या माझ्या मुलाची

आई
(निशाणी अंगठा)